एक आठवडा देवाच्या शिबिरात

धार्मिक चित्रपटाच्या प्रेक्षकांची एक गंमत आहे. आपण चित्रपटाविषयी मत देत आहोत, असे प्रत्येकाला वाटत असते. पण त्याची चार वाक्ये शांतपणे ऐकून घेतली की ध्यानात येते, गृहस्थ स्वतःविषयीच बोलत आहेत. भाविक असेल तर पडद्यावर आपला देव नीट बसवला आहे की नाही, एवढेच तो पाहतो. चिकित्सक असेल तर त्याला मूर्तीपेक्षा मखराच्या खिळ्यांतच अधिक रस. आणि ज्याचा देवाशी कधीकाळी खटका उडालेला आहे, तो तर पहिल्या गाण्यापासूनच भांडायच्या तयारीने बसलेला असतो. चित्रपट बिचारा मध्येच उभा! देवळाच्या दारात दोन पक्षांची बाचाबाची चालावी आणि पुजाऱ्याने घंटेची दोरी हातात धरून ताटकळत राहावे, तशी त्याची स्थिती होते.

हे सारे सुचण्याचे कारण एक अमेरिकन चित्रपट. नाव ‘अ वीक अवे’. आपल्या भाषेत ‘घरापासून दूर एक आठवडा’ म्हणा. २६ मार्च २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवरून जगभर दाखवला जाऊ लागला. दिग्दर्शक रोमन व्हाइट. हे गृहस्थ त्यापूर्वी गाण्यांची छोटी चित्रणे करण्याबद्दल प्रसिद्ध होते. टेलर स्विफ्टच्या २००९ मधील एका अतिशय गाजलेल्या गाण्याचे चित्रण त्यांचेच. चित्रपट टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराच्या आसपास तयार झाला. हॉलिवुडच्या बड्या संगीतपटांच्या मानाने संसार अगदी लहान: एक तळे, थोडी झाडी, शिबिराच्या लाकडी खोल्या आणि उत्साहाने उड्या मारणारी मुलेमुली. सर्वजण सोळा-सतराच्या घरातले, सर्वजण गाणारे, आणि सर्वजण ख्रिस्ताचे नाव घेणारे. अपवाद फक्त नायकाचा.

नायकाचे नाव विल हॉकिन्स. आईबाप वारलेले. सरकारी व्यवस्थेने नेमून दिलेल्या परक्या घरांतून हा मुलगा वाढला आहे आणि कुठेच टिकलेला नाही. शेवटी स्वारीने पोलिसांचीच मोटार पळवली! आता बालसुधारगृहात जायचे, की एका दयाळू बाईंबरोबर उन्हाळी शिबिराला जायचे, असे दोनच रस्ते उरतात. मुलगा शहाणपणा करून शिबिर निवडतो. तिथे पोचल्यावर त्याला कळते, की हे शिबिर देवाधर्माचे आहे. मग खेळांच्या स्पर्धा होतात, भोळा मित्र भेटतो, हेवा करणारा प्रतिस्पर्धी भेटतो. आणि शिबिर चालवणाऱ्या गृहस्थांची मुलगी ॲव्हरी भेटते, जिची आई लहानपणीच गेलेली आहे. विल आपली खरी ओळख लपवतो, ती उघडकीस येते, तो खचतो, आणि सात दिवस भरण्याच्या आत त्याला मैत्रीण, घर आणि देव अशी तिन्ही लाभतात. केविन क्विन आणि बेली मॅडिसन या दोघांनी नायक-नायिकेची कामे केली आहेत आणि ती गोड केली आहेत, हे कोणीही कबूल करील.

आता या चित्रपटावर जी मते पडली ती पाहण्यासारखी आहेत. पहिला वर्ग आईबापांचा. त्यांचे म्हणणे असे, की मुलांच्या शेजारी बसून, मध्येच घसा खाकरण्याची वेळ न येता पाहता येतील असे चित्रपट उरलेत किती? इथे शिवी नाही, दारू नाही, अंगचटीला जाणे नाही. पोरे हसतात, नाचतात आणि एकमेकांची क्षमा मागतात. हे समाधान क्षुल्लक मानू नये. ज्यांच्या घरी तेरा-चौदा वर्षांची मुले आहेत त्यांना त्याची किंमत विचारा.

दुसरा वर्ग कडक भाविकांचा. त्यांचा आक्षेप नेमका उलटा. नाव देवाचे आणि सगळा मामला प्रेमाचा! पाप, पश्चात्ताप, क्रूस, प्रायश्चित्त यांचा उच्चार तरी धड झाला का? धर्म म्हणजे काय सहलीतला शेंगदाण्याचा लाडू आहे, की जाता जाता हातावर ठेवला? साखरपाण्यात औषधाचा एकच थेंब घातला, तर रोग्याला फक्त साखर लागू पडते, असे या मंडळींच्या रागाचे सार काढता येईल.

तिसरा वर्ग वृत्तपत्री परीक्षकांचा. त्यांना हा चित्रपट पाहताच २००६ मधील डिस्ने वाहिनीचा ‘हायस्कूल म्युझिकल’ आठवला, आणि आठवणारच. तोही कमी खर्चाचा, तोही शाळकरी मुलामुलींचा, तोही स्वच्छ आणि चकचकीत. तेव्हा ‘त्याच साच्यातून काढून वर क्रूस चिकटवला’ अशा आशयाचा शेरा अनेकांनी मारला. चौथा वर्ग आपले सारे बाळपण अशा शिबिरांत घालवलेल्यांचा. त्यांपैकी कुणाचा गळा दाटून आला; तर कुणाला आठवले, की शेवटच्या रात्री सगळे रडत होते, आपल्याला मात्र रडू येत नव्हते, आणि आपल्यातच काही खोट आहे या भीतीने आपण डोळे चोळत बसलो होतो.

इतकी उलटसुलट मते एका साध्यासुध्या चित्रपटावर पडतात, याचे कारण त्या चित्रपटात शोधून सापडणार नाही. ते अमेरिकन धर्मजीवनाच्या इतिहासात शोधावे लागते.

१८०१ सालच्या ऑगस्ट महिन्यात केंटकी राज्यातील केन रिज नावाच्या जागी, रानातल्या एका लाकडी प्रार्थनामंदिराभोवती, माणसांचा प्रचंड मेळा जमला. दहा ते वीस हजार माणसे आली असावीत असा अंदाज सांगतात. बैलगाड्या, घोडागाड्या, तंबू, रात्रीच्या मशाली, एकाच वेळी चार ठिकाणी चाललेली प्रवचने आणि सगळ्यांवर मात करणारे गाणे. हा प्रकार चालला सुमारे एक आठवडा. लोक हसले, रडले, भुईवर कोसळले, आणि आपल्याला देव भेटला असे सांगत घरी परतले. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या पुढच्या शेकडो मेळाव्यांना आणि शिबिरांना हाच कित्ता मिळाला. घरदार सोडून रानात जावे, सर्वांबरोबर गावे, आणि आठवड्याच्या आत नवा माणूस होऊन परत यावे! चित्रपटाच्या नावातला ‘आठवडा’ हा असा दोनशे वर्षांचा जुना आहे. म्हणून त्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला विलचे सात दिवसांतील परिवर्तन मुळीच खटकत नाही. आणि त्या परंपरेबाहेरच्या प्रेक्षकाला ते पत्त्यांच्या जादूसारखे भासते. दोघेही प्रामाणिक आहेत. दोघांची घड्याळे मात्र वेगळी आहेत.

गाण्यांचेही तसेच. या चित्रपटातील कितीतरी गाणी नवी नाहीतच. मायकेल डब्ल्यू. स्मिथ, स्टीव्हन कर्टिस चॅपमन, एमी ग्रँट या गायकांनी १९९० च्या आगेमागे गाजवलेली गाणी इथे मुलांच्या तोंडी घातली आहेत. चॅपमन आणि ग्रँट तर क्षणभर पडद्यावर डोकावूनही जातात. हे संगीत नव्या वळणाच्या ख्रिस्ती संगीताचे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील लांब केसांच्या तरुणांनी गिटार घेऊन येशूची गाणी म्हणायला सुरुवात केली. लॅरी नॉर्मन यांची १९६९ मधील ध्वनिमुद्रिका हा त्याचा आरंभीचा टप्पा समजतात. तेव्हा अनेक धर्मोपदेशकांनी कानांवर हात ठेवले. रॉक संगीत म्हणजे सैतानाचा ढोल, त्यावर देवाचे नाव कसे घ्यायचे? पुढे त्याच संगीताचा नॅशव्हिलमध्ये मोठा व्यवसाय झाला.

एमी ग्रँट यांच्या ‘बेबी बेबी’ या गाण्याची हकिगत तर मोठी बोधप्रद आहे. १९९१ साली ते अमेरिकेतील सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. बाईंना ते सुचले आपल्या तान्ह्या मुलीकडे पाहून. पण चित्रण करताना समोर एक देखणा तरुण उभा केला, आणि भाविकांत नाराजी पसरली: आपली भजने गाणारी मुलगी बाजारात गेली! तेच गाणे तीस वर्षांनी ख्रिस्ती शिबिराच्या चित्रपटात दोन लाजऱ्या मुलामुलींच्या प्रेमाचे गाणे म्हणून येते, आणि त्यावर कुणी भुवईही उंचावत नाही. कालचा पाखंडी आजचा सोवळा होतो, तो असा. आणि आईबापांचे डोळे का पाणावतात याचाही उलगडा येथेच होतो. गाणी मुलांच्या तोंडी असली, तरी ती आईबापांच्या तारुण्याची आहेत.

अशी भांडणे पूर्वीही झाली आहेत. १९७० च्या सुमारास पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातील जॉन-मायकेल टेबेलॅक या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने ‘गॉडस्पेल’ नावाचे संगीतनाटक रचले. १९७३ साली त्याचा चित्रपट झाला. त्यात ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर विदूषकाची रंगरेषा, अंगात सुपरमॅनचा सदरा. न्यू यॉर्कच्या रिकाम्या रस्त्यांवर आणि तेव्हा नुकत्याच उभ्या राहिलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावर ही मंडळी नाचतात. काहींना तो निरागस वाटला. काहींनी विचारले, शेवटी पुनरुत्थान कुठे आहे? त्याच्या आदल्याच वर्षी आयोवा राज्यात अगदी तुटपुंज्या पैशांत ‘अ थीफ इन द नाइट’ हा चित्रपट तयार झाला होता. जगाच्या अंती भाविक अचानक नाहीसे होतात आणि बाकीचे मागे राहतात, असा त्याचा विषय. तो थिएटरांपेक्षा प्रार्थनामंदिरांत आणि शिबिरांतच प्रोजेक्टर लावून दाखवत. लहानपणी तो पाहिलेल्या कितीतरी प्रौढांनी पुढे सांगितले आहे, की शाळेतून घरी आल्यावर आई हाक देईना तर आपल्या पोटात गोळा उठे: आई उचलली गेली आणि मी राहिलो! प्रेक्षकाचे मत म्हणजे गंमत नव्हे, ते असे. मुलाच्या मनावर चित्रपट कोणता ठसा उठवतो, यावर काही मुलांच्या रात्रीच्या झोपेचा प्रश्न अवलंबून असतो.

आणि पैशाच्या बाजारात परीक्षकांचे मत इथे फारसे चालतही नाही. जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी गावच्या शेरवुड बॅप्टिस्ट चर्चने २००६ साली ‘फेसिंग द जायंट्स’ सुमारे १ लाख डॉलरांत काढला. त्याने १ कोटीवर मिळवले. २००८ चा ‘फायरप्रूफ’ सुमारे ५ लाखांचा, उत्पन्न ३ कोटींच्या वर. कामे करणारे बहुतेक त्या मंडळीतलेच स्वयंसेवक. अशा चित्रपटाचे तिकीट काढणे हे पुष्कळांना मनोरंजनापेक्षा वर्गणीसारखे वाटते. गावच्या सप्ताहाला शिधा द्यावा, तसे. सप्ताहातला बुवा बेसूर गायला म्हणून शिधा परत मागणारा मनुष्य कुणी पाहिला आहे काय?

येथवर ठीक. पण श्रद्धेचे एक माप आणि कारागिरीचे दुसरे, अशी दोनच मापे धरली तर चित्रपट मोजून संपतो आणि काहीतरी मोजायचे राहून जाते. ते काय, हे मला माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने दाखवून दिले. सुटीत ती आमच्याकडे आली असता आम्ही हा चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहिला. मी मनातल्या मनात ‘हायस्कूल म्युझिकल’शी तुलना जुळवत होतो, तिची मामी नाचांवर खूश होती. भाची गाण्यांना ताल धरून होती, तेव्हा तिला आवडला असेल असे मी समजलो. संपल्यावर ती म्हणाली, “छान आहे रे मामा. पण त्याचे आईबाबा गेलेत ना? मग त्याला रडायला वेळच नाही दिला कुणी.”

आमच्या घरात गेल्या वर्षी एक मृत्यू झालेला आहे, तिच्या आजीचा. तेव्हा हे वाक्य चित्रपटाच्या टीकेचे नव्हते, हे मला लगेच कळले. मी काही बोललो नाही. तिची मामी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.

त्यानंतर मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि मला वाटते, मुलीने वर्मावर बोट ठेवले होते. शंका येते, गाणे होते, शंका मावळते. दुःख येते, कुणी खांद्यावर हात ठेवते, दुःख मावळते. भाविकांना येथे धर्म कमी वाटला, परीक्षकांना नावीन्य कमी वाटले; खरे कमी पडले ते दुःख. ज्या मुलाचे आईबाप गेले आणि ज्याला आजवर कुठेही आपले घर मिळाले नाही, त्याचा देवावरचा राग काही असा तसा नसणार. तो राग पूर्ण बोलू दिला असता, तर पुढची श्रद्धाही पूर्ण वाटली असती.

मात्र न्याय करायचा तर पुरता करावा. या चित्रपटात एक जागा अशी आहे, की तिथे तो आपल्या बेतापेक्षा मोठा होतो. दोन वेगळी गाणी तिथे एकमेकांत गुंफली आहेत. एक रिच मलिन्स यांचे १९८८ मधील स्तुतिगीत, शिबिरांत हजारो मुलांनी एका आवाजात म्हटलेले. दुसरे ‘फॉर किंग अँड कंट्री’ या बंधुद्वयाचे २०१८ मधील, आतल्या आत झुरणाऱ्या एकट्या माणसाविषयीचे. समूह देवाची थोरवी गातो आहे आणि त्याच क्षणी एक एकटा गळा विचारतो आहे, की माझे काय? तेवढी दोन-तीन मिनिटे भक्ती आणि शंका एकाच सुरात शेजारी शेजारी उभ्या राहतात. कोणी कोणाला गप्प करत नाही. सारा चित्रपट या दोन-तीन मिनिटांसारखा झाला असता, तर प्रेक्षकांतील चारही वर्ग थोडा वेळ तरी एका बाकावर बसले असते.

आम्हां मराठी माणसांना या विषयात बोलण्याचा थोडा अधिकार आहे, तो अशासाठी, की आपला चित्रपटच मुळी एका ख्रिस्ती चित्रपटाच्या प्रेक्षकाने जन्माला घातला. १९११ च्या सुमारास गिरगावात ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहावयास दादासाहेब फाळके गेले होते. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. हे त्यांनी स्वतःच १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले आहे. पुढे पत्नीला घेऊन ते पुन्हा पाहून आले. आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. फाळक्यांनी त्या चित्रपटाला नावे ठेवली नाहीत, की त्याचा धर्म घेतला नाही. ‘हे आमचे असते तर कसे दिसले असते?’ एवढेच त्यांनी स्वतःला विचारले. प्रेक्षकाचे याहून फलदायी मत जगात कुठे पडले असेल असे वाटत नाही.

आणि ‘आमचे कसे दिसते’ याचे उत्तर १९३६ साली प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ काढून दिले. त्यात विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम विठ्ठलाला आळवतो. पण त्याच्या बरोबरीने त्याची बायकोही आहे. पोर आजारी, घरात दाणा नाही. ती बाई संतापून पायातली वहाण घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. भाविकांनी भरलेल्या थिएटरांनी हे दृश्य पाहिले आणि कोणाची श्रद्धा कमी झाली नाही. उलट त्या बाईचा राग खरा होता, म्हणून तुकारामाची शांतीही खरी वाटली. वारकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूरला पायी जायला अडीच-तीन आठवडे लागतात, आणि एका वारीने कोणी सुटत नाही; पुढच्या वर्षी पुन्हा निघायचेच. देवाशी भांडण असो वा भेट, तिला मुदत घालून चालत नाही.

नॅशव्हिलच्या त्या मंडळींनी वाईट चित्रपट काढला असे मी म्हणणार नाही. सरळ मनाने, लहान पैशात, मुलांना आनंद वाटावा म्हणून त्यांनी तो काढला, आणि पुष्कळ मुलांना तो वाटला. पुढल्या वेळी त्यांनी नायकाला शिबिरात एक आठवडा न ठेवता सबंध उन्हाळा ठेवावा, एवढेच माझे मत. गाणी थोडी कमी झाली तरी चालतील. आणि वडीलधाऱ्या प्रेक्षकांनी, मग ते टेनेसीतले असोत की इथले, असा चित्रपट संपल्यावर लगेच आपली मापे बाहेर काढू नयेत. शेजारी बसलेल्या मुलाला काय वाटले, ते आधी विचारावे. आणि ते ऐकायला वेळ काढावा.